पी-ई आठ दिसतोय, म्हणूनच थांबा

म्हापशाच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे. वय एकतीस, पणजीत आयटीत नोकरी. तंत्रज्ञान शेअरांची पडझड चालू आहे, मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर शिखरापासून पस्तीस टक्के खाली आलेत आणि पी-ई, म्हणजे भाव कमाईच्या किती पट आहे ते, फक्त आठ दिसतोय. हाताशी बारा लाख आहेत, त्यातले चार बाबांच्या मुदत ठेवीचे. ‘एवढी चांगली कंपनी एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळेल का? सगळे एकदम घालू का?’

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. सगळे एकदम घालू नका. बाबांचे चार लाख तर अजिबात नकोत. आणि ज्या पी-ईला तुम्ही स्वस्ताई समजताय, तेच माझ्या मते थांबण्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

मी सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या खरेदी विभागात बावीस वर्षं काढली, त्यातली पंधराएक वर्षं मेमरी चिपची खरेदी माझ्याच टेबलावर होती. २०१० पासून स्वतःचे पैसे या शेअरांत घालत-काढत आलोय. कमावले, घालवलेही. ते सगळं धरून सांगतो.

मेमरी मुख्यतः दोन जातींची. डीरॅम, म्हणजे संगणक किंवा फोन चालू असताना कामाचं सामान ज्यावर मांडतो तो ओटा. आणि नँड, म्हणजे फोटो-फाइली ठेवायचं कपाट. प्रोसेसरचं तसं नाही. एका कंपनीचा प्रोसेसर काढून दुसरीचा लावायचा तर अख्खा बोर्ड नव्याने आखावा लागतो. साधी डीरॅम मात्र जेडेक या संस्थेच्या ठरलेल्या मापात येते, पाय तेच, वेग तोच. मी एका कोरियन कंपनीची चिप बंद करून महिन्याच्या आत दुसरीची लावली आहे, बोर्डावरची एक रेघ बदलावी लागली नाही. आता असा माल विकणाऱ्याच्या हातात काय उरतं? भाव बाजार ठरवतो. आपल्या गोव्याच्या खाणींतली ५८ टक्के लोहाची माती डिचोलीची की सांग्याची, याने चीनच्या भट्टीला फरक पडत नव्हता, तसंच हे.

मातीचा विषय निघालाच आहे तर ती गोष्ट सांगूनच टाकतो, कारण मेमरीच्या शेअरांचं मला जे कळलं त्यातलं निम्मं खाणपट्ट्यात कळलं.

उसगावच्या माझ्या मेव्हण्याने २००८ च्या मे महिन्यात कर्ज काढून टिपर घेतला. चीनमध्ये ऑलिंपिकची धामधूम होती, त्यांना पोलाद हवं होतं, माल जाईल तेवढा कमी. साखळीपासून कुडचड्यापर्यंत ज्याला कर्ज मिळेल तो ट्रक घेत होता. मेव्हण्याने वहीच्या पाठच्या पानावर हिशेब मांडून मला दाखवला होता: महिन्याच्या ट्रिपा गुणिले भाडं, वजा डिझेल, वजा ड्रायव्हर, वजा हप्ता. तीन वर्षांत ट्रकची किंमत वसूल, पुढचं सगळं घरात. बेरीज-वजाबाकीत एक पैशाची चूक नव्हती. फक्त भाडं आणि ट्रिपा अशाच राहतील हे त्याने धरून चाललं होतं. दिवाळी येईपर्यंत जगभर मंदी आली, खनिजाचा भाव काही महिन्यांत अर्ध्याच्याही खाली गेला आणि ट्रक घरासमोर आंब्याखाली उभा राहिला. हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता येत होता.

त्याच वाड्यावरच्या दुसऱ्याने २००९ च्या सुरुवातीला बँकेने ओढून नेलेले दोन ट्रक निम्म्या किमतीत उचलले. गाव हसलं. २०१०-११ मध्ये भाव परत चढला आणि त्याने घरावर मजला चढवला. इथे थांबलो तर ही शहाण्या माणसाची गोष्ट होईल. पण त्याने २०११ मध्ये, भाव शिगेला असताना, तिसरा घेतला, तोही नवा कोरा. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि पुढच्या पावसाळ्यात तिन्ही ट्रकांवर वेली चढल्या. खाणी कायद्याने थांबल्या, भावाने नाही, हे मान्य. पण चांगल्या दिवसांत बाहेर पडायचं असतं हे त्याला, खरं सांगायचं तर कोणालाच, सुचलं नव्हतं.

आता तुमच्या पी-ईकडे येऊ. पी-ई म्हणजे शेअरचा भाव भागिले शेअरमागची वर्षाची कमाई. त्या भाषेत मेव्हण्याच्या ट्रकचा पी-ई मे २००८ मध्ये तीन होता. त्याहून स्वस्त काय असणार!

अमेरिकेतल्या मायक्रॉन या मेमरी कंपनीचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिने शेअरमागे साडेअकरा डॉलर कमावले. त्या उन्हाळ्यात शेअर साठीच्या आसपास होता, म्हणजे पी-ई पाच-साडेपाच. डिसेंबरात तोच शेअर तिशीला आला. पुढच्या दोन वर्षांत विक्री ३०.४ अब्ज डॉलरवरून २१.४ अब्जांवर उतरली. कोरियात एसके हायनिक्स या मेमरी कंपनीचा कार्यचालन नफा (व्याज-करापूर्वी धंद्यातून उरलेला) २०१८ मध्ये २०.८ लाख कोटी वॉन होता, २०१९ मध्ये २.७ लाख कोटी. म्हणजे पी-ई पाच होता तेव्हा बाजार मूर्ख नव्हता. ही कमाई टिकणारी नाही, एवढंच तो त्या आकड्यातून सांगत होता. उलट बाजूने, २०२३ मध्ये पी-ई काढताच येत नव्हता, कारण कमाई उणे होती. तेव्हा घेणाऱ्यांचं भलं झालं.

तुमच्या शेअरचा पी-ई आठ आहे, तर त्याचा अर्थ कमाई अजून शिखराजवळ आहे. शेअर पडलाय, धंदा अजून पडलेला नाही. पडेलच असं मी म्हणत नाही, पण मालाच्या भावातली पडझड अजून समोर आलेली नाही एवढं त्या एका आकड्यावरून कळतं. मी पी-ईऐवजी पुस्तकी मूल्य बघतो. कंपनीची मालमत्ता वजा देणी, भागिले शेअरांची संख्या. डिसेंबर २०१८ आणि डिसेंबर २०२२, दोन्ही तळांना मायक्रॉनचा शेअर पुस्तकी मूल्याच्या जवळपास आला होता. तुम्ही बघताय तो शेअर पुस्तकी मूल्याच्या किती पट आहे ते एकदा काढून बघा, शिखरापासून किती पडला हे विसरा.

मालाचा भाव एवढा का उड्या मारतो, हे पुस्तकापेक्षा माझ्या टेबलावर जास्त नीट कळलं असतं तुम्हाला. २०१७ सालची गोष्ट. आमच्या बोर्डाला चार गिगाबिटची डीडीआर३ जातीची डीरॅम चिप लागायची, महिन्याला चाळीस हजार नग. वितरकाच्या कोटेशनखाली ‘भाव तीन महिने वैध’ असं छापलेलं असायचं. त्याचे आधी तीस दिवस झाले, मग सात, शेवटी ‘भाव ऑर्डरच्या दिवशीचा’. माल यायला आठ आठवडे लागत ते वीसवर गेले. दीड डॉलरच्या आसपासची चिप साडेतीनच्या पुढे गेली. आणि मग तो शब्द आला ज्याची खरेदीवाल्याला धास्ती असते: अ‍ॅलोकेशन. साध्या भाषेत रेशन. तुम्ही काहीही मागा, मिळणार मागणीच्या साठ-सत्तर टक्के.

मी काय केलं? कुठलाही खरेदीवाला करतो तेच. चाळीस हजार हवे होते, साठ हजारांची ऑर्डर दिली, म्हणजे कापून चाळीस मिळतील. भरवसा नको म्हणून सिंगापूरच्या दुसऱ्या वितरकाकडे आणखी तीस हजार नोंदवले. गरज चाळीसची, कागदावर मागणी नव्वदची. हे पुण्यात, शेनझेनमध्ये, मेक्सिकोत, सगळीकडे चाललं होतं. चिप कंपनीत बसलेल्या माणसाला काय दिसत होतं? मागणी दुप्पट, दोन वर्षांच्या ऑर्डरी हातात. तो संचालक मंडळाला नवा कारखाना सुचवतो. आजकाल असा एक कारखाना पंधरा-वीस अब्ज डॉलरला पडतो आणि पहिली चिप बाहेर यायला दोन-तीन वर्षं लागतात. कुळागरात सुपारीचा भाव बघून आज रोपं लावायची आणि पीक यायच्या वर्षी भाव काय असेल ते देवाला विचारायचं, त्यातला हा प्रकार.

२०१८ च्या ऑक्टोबरात आमच्या स्टोअरमध्ये पाच महिन्यांचा माल साठला होता. रिळं व्हॅक्यूमच्या चंदेरी पिशव्यांत, कोरड्या कपाटात. आपल्या हवेत ही पिशवी एकदा फोडली की घड्याळ सुरू होतं. १६८ तासांत चिप बोर्डावर चढली नाही तर ओव्हनमध्ये भाजून तिची ओल काढावी लागते, नाहीतर सोल्डरिंगच्या उष्णतेत ती आतून फुटते. स्टोअरचा पोरगा रोज विचारायचा, ‘सर, हे आणखी किती येणार?’ मी त्याच दुपारी दोन्ही वितरकांना ऑर्डर रद्द केल्याचे मेल टाकले. रद्द करणारा मी एकटा असतो तर बरं होतं. दोन महिन्यांनी, २०१७ मध्ये फोनही न उचलणारा वितरकाचा माणूस बंगळुरूहून विमानाने येऊन आमच्या रिसेप्शनला बसला होता. ‘सर, आज ऑर्डर द्या, मार्चपर्यंत हाच भाव धरून देतो.’ मी त्याला चहा पाजला, ऑर्डर दिली नाही. मार्चमध्ये भाव आणखी खाली होता.

आता माझी लाज सांगतो. हे सगळं डोळ्यांसमोर चाललेलं असताना २०१८ च्या जूनमध्ये मी स्वतः मेमरीचे शेअर घेतले. दिवसा ऑफिसात फुगवलेल्या ऑर्डरी लिहिणारा माणूस रात्री घरी बसून त्याच ऑर्डरींवर उभी असलेली कमाई बघत पी-ई काढत होता. चूक पूर्णपणे माझी. चाळीस टक्के उतरल्यावर विकले, तेही वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यात.

त्यानंतरची पडझड मी जास्त शहाणपणाने बघितली. २०२२. कोविडमध्ये सगळ्यांनी लॅपटॉप-फोन घेऊन झाले होते, मागणी आटली, त्यात अमेरिकेने व्याजदर चढवले आणि तंत्रज्ञानाचे शेअर एकत्र कोसळले. मायक्रॉनचा शेअर जानेवारीत शंभरीला टेकला होता, डिसेंबरअखेर पन्नाशीला. या पडझडीत एकामागून एक काय झालं तो क्रम महत्त्वाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये एसके हायनिक्सने सांगितलं की पुढच्या वर्षी भांडवली खर्च, म्हणजे कारखाने-यंत्रांवरचा खर्च, निम्म्याहून कमी करणार. नोव्हेंबरात मायक्रॉनने वेफरचं (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिपा बनतात तिचं) उत्पादन सुमारे २० टक्के कमी करत असल्याचं जाहीर केलं. सॅमसंग मात्र अडून राहिली. आधीच्या मंद्यांत इतरांना दमवूनच ती मोठी झाली होती. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये तिनेही उत्पादन कपातीची कबुली दिली.

या मधल्या काळात बातम्या काय होत्या बघा. मायक्रॉनकडे दोनशेहून जास्त दिवस पुरेल एवढा माल पडून. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालेल्या तिमाहीत १.४ अब्ज डॉलरचं मालाचं मूल्य पुस्तकातून कमी केलं, तिमाहीचा तोटा २.३ अब्ज, तिच्या इतिहासातला सर्वांत मोठा. पूर्ण वर्षाचा तोटा ५.८ अब्ज. एसके हायनिक्सचा २०२३ चा कार्यचालन तोटा ७.७ लाख कोटी वॉन. एवढं सगळं होत असताना शेअरने तळ कधी गाठला? डिसेंबर २०२२ मध्ये. सर्वांत भयंकर निकाल लागला त्या दिवशी शेअर तळापासून बराच वर आलेला होता. मालाचे करारभाव, म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकांशी ठरणारे भाव, तर २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत कुठे वळले. नफा दिसायची वाट बघणारा उशिरा पोचला, आणि शिखरापासून तीस टक्के पडल्यावर, २०२२ च्या मे-जूनमध्ये, धावत जाऊन घेणाऱ्याला आधी सहा-सात महिने घुसमट सोसावी लागली.

म्हणून मी बघतो ते मुख्यतः कपातीकडे. कारखानदार ‘आम्ही नवीन यंत्रं घेणार नाही’ म्हणतो तेव्हा दीड-दोन वर्षांनंतरचा पुरवठा कमी झालेला असतो, आज बातमी कितीही वाईट असली तरी. एकटी कंपनी म्हणाली तर पुरेसं नाही. दोन तरी हव्यात, तिसरी म्हणजे सॅमसंग आली तर उत्तम. दुसरी गोष्ट मालसाठ्याचे दिवस, म्हणजे पडून असलेला माल किती दिवस पुरेल ते. तिमाही निकालात ते येतात किंवा साठा आणि विकलेल्या मालाच्या उत्पादनखर्चावरून काढता येतात. ते चढायचे थांबले का, एवढंच बघा. मायक्रॉनचं आर्थिक वर्ष ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतं, त्यामुळे तिचे निकाल कोरियन कंपन्यांच्या आधी येतात. सगळ्या धंद्याची नाडी आधी तिथे सापडते. एक फसवी जागा मात्र आहे. ज्या मालाचं मूल्य आधीच कमी करून ठेवलं, तो पुढे विकला की नफ्याचं प्रमाण आपोआप छान दिसतं. ते सुधारणेचं लक्षण नव्हे, आधीच्या तोट्याची सावली आहे. निकालाच्या पत्रकात हा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वजा करून वाचा.

वितरकाचा माणूस तुमच्याकडे येऊन बसणार नाही. त्याऐवजी तैवानची ट्रेंडफोर्स ही संस्था करारभाव आणि हजर भावाचे (खुल्या बाजारात त्या दिवशी मिळणाऱ्या भावाचे) अंदाज सतत देते, त्याच्या बातम्या फुकट वाचता येतात. हजर भाव आधी वळतो, करारभाव मागून. आणि हसू नका, पण म्हापशाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात महिन्यातून एकदा १६ जीबी रॅमच्या पट्टीचा भाव विचारत चला. दुकानदार ‘आज घ्या, उद्याचं सांगत नाही’ म्हणत असेल तर शेअर घ्यायची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

पडलं की घ्या, या सल्ल्यात एक खड्डा आहे. पडलेली प्रत्येक कंपनी उठत नाही. इंटेलची सुरुवात मेमरीवर झाली, तिनेच १९८५ मध्ये डीरॅम सोडून दिली. जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये. तिला पुढच्या वर्षी मायक्रॉनने विकत घेतलं, पण एल्पिडाच्या भागधारकांच्या हाती भोपळा आला. हायनिक्स स्वतः २००१ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांच्या ताब्यात गेली होती, २०१२ मध्ये एसके समूहाने घेतल्यावर तिला बरे दिवस आले. पूर्वी डझनाने असलेले डीरॅम उत्पादक आज मोठ्या प्रमाणात तीनच उरलेत, हे आजच्या भागधारकाच्या पथ्यावर पडतं. तरी रोकड आणि कर्जाचा ताळेबंद बघितल्याशिवाय घेऊ नका. वर्षभर तोटा सोसूनही यंत्रं घेता येतील एवढी रोकड नसेल, तर पुस्तकी मूल्य वगैरे सगळं कागदावर.

तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय: आता एआय आहे, एचबीएम आहे, हे चक्र संपलं नाही का? २०१८ मध्ये ‘क्लाउडमुळे चक्र संपलं’ असं ऐकलं होतं, त्यामुळे माझे कान जरा तिखट झालेत. पण या वेळी मुद्द्यात दम आहे, तो नाकारत नाही. एचबीएम म्हणजे डीरॅमच्या चिपा एकावर एक रचून प्रोसेसरच्या शेजारी बसवलेली थप्पी. तेवढ्याच साठवणीसाठी साध्या डीडीआर५च्या तिप्पट वेफर ती खाते, असं मायक्रॉननेच सांगितलंय. म्हणजे एचबीएम जितकी जास्त बनेल तितका साध्या डीरॅमचा आपसूक तुटवडा पडतो. शिवाय ती गिऱ्हाइकाच्या प्रोसेसरबरोबर महिनोन्‌महिने तपासून घ्यावी लागते, करार वर्षभर आधी होतात. माझ्यासारखा खरेदीवाला तिथे दोन मेल टाकून पुरवठादार बदलू शकत नाही. एसके हायनिक्सने यात आघाडी घेतली ती अशीच. माती जरा ब्रँडकडे सरकली, एवढं मी मान्य करतो.

पण तिथेही पैसे मोजणारी गिऱ्हाइकं मूठभर आहेत, आणि त्यांच्या खरेदी विभागात बसलेली माणसं माझ्याहून वेगळी असतील असं समजायला कारण दिसत नाही. तुटवडा पडला की तेही जास्तीचं मागून ठेवणार. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा किरकोळ विक्रीचा २९ वर्षांचा ब्रँड गुंडाळायचं जाहीर केलं, कारण माल डेटा सेंटरांना पुरेना. तुम्हाला त्यात तेजी दिसली असेल. मला मोठ्या अक्षरात ‘अ‍ॅलोकेशन’ दिसलं. अमेरिकेत बॉइसी, कोरियात चोंगजू, योंगिन, प्योंगतेक इथे मेमरीचे नवे कारखाने उभे राहताहेत. चीनच्या हेफेईची सीएक्सएमटी आणि वुहानची वायएमटीसी, दोन्ही २०१६ मध्ये सुरू झालेल्या मेमरी कंपन्या, मागे सरकारी पैसा. मंदीत उत्पादन कमी करायची त्यांना घाई नसते. चक्र लांबेल, तळ पूर्वीइतका खोल नसेल, इथपर्यंत माझी तयारी आहे. चक्र मोडलं म्हणायची नाही.

हेही सांगायला हवं की बाजार पडणं आणि मेमरी पडणं ही दोन वेगळी घड्याळं आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काच्या घोषणेने सगळा बाजार गडगडला, मायक्रॉन साठ-पासष्टपर्यंत आला. साठ्याचा जुना त्रास तोवर बराच निवळला होता आणि एचबीएमचा त्या वर्षीचा माल आधीच विकलेला होता. वर्षअखेर तोच शेअर अडीचशेच्या पुढे. तेव्हा मी घेतले होते, थोडेच, कारण मलाही भीती वाटते. तुमच्यासमोरची पडझड त्या जातीची आहे की २०१८ सारखी, हे ठरवायला वर सांगितलेल्या दोन गोष्टीच उपयोगी: साठ्याचे दिवस वाढताहेत का, आणि कंपन्या अजून नवे कारखाने जाहीर करताहेत का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर दूर राहा.

घ्यायचे कसे, हे पटकन सांगतो. डीरॅम किंवा नँडचे वेफर बनवणारी एकही कंपनी भारतीय शेअर बाजारात नाही. साणंदचा मायक्रॉनचा कारखाना जोडणी-तपासणीचा आहे आणि त्याचा वेगळा शेअर नाही; ‘सेमीकंडक्टर’ नाव बघून इथलं काहीबाही घेऊ नका. परदेशी पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली जातात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. मायक्रॉन अमेरिकेत सरळ मिळतो. सॅमसंग-हायनिक्स कोरियात असल्याने आपल्याला सोपा रस्ता म्हणजे कोरियन निर्देशांकावरचा, अमेरिकेत सूचीबद्ध असलेला ईटीएफ, म्हणजे शेअरासारखा घेता-विकता येणारा फंड. त्यात या दोघींचं वजन सर्वांत जास्त आहे, पण बरोबर मोटारी आणि बँकाही येतात. सॅमसंगमध्येसुद्धा फोन-टीव्ही आलेच. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकले तर तुमच्या उत्पन्नाच्या दराने. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, एक शेअर असला तरी, आणि तो कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचा असतो. इथे बरेच जण चुकतात. उधारीवरचा व्यवहार, म्हणजे मार्जिन, एलआरएसमध्ये चालत नाही. चालत असता तरी मेव्हण्याचा टिपर आठवा म्हटलं असतं.

एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. बारा लाख पाठवले असते तर चाळीस हजार विवरणपत्र भरेपर्यंत अडकले असते. बाबांचे चार परत ठेवीत गेले की तोही प्रश्न राहत नाही.

राहिले आठ. मी तुमच्या जागी असतो तर आज दीड लाखाहून जास्त घातले नसते, तेही एवढ्यासाठी की स्वतःचे पैसे असल्याशिवाय माणूस तिमाही निकाल वाचत नाही. उरलेले लिक्विड फंडात. दोन कंपन्यांनी खर्चकपात जाहीर केली की तीन लाख. वर्तमानपत्रात ‘ऐतिहासिक तोटा’ असा मथळा येऊन तुम्हाला माझा राग आला की राहिलेले. यात पहिल्या दीड लाखावर निम्मं नुकसान दिसायची तयारी ठेवा, आणि एकूण रकमेकडे तीन-चार वर्षं मान वळवून बघायचं नाही. तोवर लग्न ठरायचं असेल, फ्लॅट घ्यायचा असेल, तर ते आधी वजा करा. ती वेळ आलीच नाही आणि शेअर इथूनच वर गेला तर? तर दीड लाखावर समाधान मानायचं. माझ्या बाबतीत असं दोनदा झालंय, जेवण गोड लागलं होतं. आणि विकायचं कधी, तर पी-ई पुन्हा एक आकडी होऊन सगळे ‘स्वस्त आहे’ म्हणू लागले की निम्मे काढा. वाड्यावरच्या माणसाचा तिसरा ट्रक तुम्ही घेऊ नका.

मायक्रॉनचा पुढचा निकाल लागला की साठ्याचे दिवस आणि भांडवली खर्चाचा अंदाज, हे दोन आकडे मला लिहून पाठवा. शेअरचा भाव पाठवू नका.